वाचनालयात मुलं आणि घरचे एकत्र येतील असं काय काय करता येईल? (ऐरोली)

प्रश्न: ऐरोलीची वाचक

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण वाचा प्लीज, खरंच मदत हवीये.

आमच्या इथे ऐरोलीत एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. खाली दोन खोल्या, एकीत पुस्तकं आणि पेपर वाचायचं टेबल, दुसरीत अभ्यासिका, आणि वर एक हॉल जो वर्षातले दहा महिने बंदच असतो, खुर्च्या एकावर एक रचलेल्या आणि कोपऱ्यात गणपतीचं डेकोरेशनचं सामान. मी पाच वर्षं सभासद आहे, गेल्या वर्षी कार्यकारिणीत पण घेतलं मला, आणि तेव्हापासून मी मागे लागलेय की हा हॉल मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी उघडा. आता शेवटी हो म्हणालेत, आठवड्यातून एकदा दोन तास. पैसे मात्र फारसे नाहीत.

मागच्या मे महिन्यात आम्ही दहा दिवसांचं उन्हाळी शिबिर केलं होतं. चित्रकला, हस्ताक्षर, ओरिगामी, एक दिवस गोष्ट सांगायला पाहुणे. चाळीसेक मुलं आली, सगळे खूश, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट वाटली, फोटो झाले. आणि जूनमध्ये त्यातलं जवळपास कोणीच परत आलं नाही. आईबाबा मुलांना गेटवर सोडायचे आणि बाहेर स्कूटरवर बसून मोबाईल बघत थांबायचे, त्यांचाही दोष नाही, आम्ही त्यांना आत या असं म्हटलंच नव्हतं. पण एक बाबा गोष्टीच्या दिवशी लवकर आले होते घ्यायला, तर आत येऊन चपला काढून सरळ लेकीच्या शेजारी जमिनीवर बसले आणि शेवटपर्यंत गोष्ट ऐकली. चाळीसपैकी ती एकच मुलगी आजही दर शनिवारी पुस्तक बदलायला येते, बाबांचा हात धरून. हे माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

म्हणून मला क्लास नकोय, म्हणजे मुलं इकडे आणि पालक बाहेर असं नकोय. आई, बाबा, आजी, आजोबा जे कोण असेल ते मुलासोबत बसतील असं काहीतरी हवंय. तुमच्याकडे ठाण्यात, वाशीत, कुठे असं चालतं का, तुम्ही काय केलं, काय फसलं, सगळं सांगा. वय साधारण 3 ते 12. रविवारी सकाळी 10 ते 12 असा विचार आहे.

उत्तर: निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यामुळे ग्रंथालयाच्या बाजूने बोलतो.

पहिलं म्हणजे कार्यक्रमाच्या आधी कपाटाकडे बघा. आपल्याकडे बालविभाग म्हणजे काचेचं कुलूपवालं कपाट, चावी ड्रॉवरमध्ये, आणि पुस्तकं उभी लावलेली. चार वर्षांच्या मुलाला पुस्तकाची पाठ बघून काय कळणार हो? त्याला मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. गुडघ्याएवढ्या उंचीचं एक लांब फडताळ करून घ्या सुताराकडून, पुढे एक पट्टी, पुस्तकं समोर तोंड करून ठेवायची, तीसच ठेवा पण दर पंधरा दिवसांनी बदला. पुस्तकं फाटतील, फाटू देत, चिकटवायला शिकवा. चिकटपट्टी, खळ, जुना कागद घेऊन आजोबा आणि नातू दोघांना एकत्र बसवून पुस्तकं दुरुस्त करायला लावा, हाच एक रविवार होतो. मी हे केलेलं आहे. ज्या मुलाने पुस्तकाला कव्हर घातलं तो ते पुस्तक नंतर चार वेळा हातात घेतो.

दुसरं, पुस्तकांच्या नंबरांचा खेळ. ड्युईचं दशांश वर्गीकरण 1876 पासून चालू आहे आणि मुलांना ते गुप्त कोडसारखं वाटतं. प्रत्येक घराला एक चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीत फक्त नंबर. 598 म्हणजे पक्षी, 520 खगोल, 641.5 स्वयंपाक, 796 खेळ, 891.46 म्हणजे मराठी साहित्य. घरातल्यांनी मिळून कपाट शोधायचं, पुस्तक काढायचं, एक पान मोठ्याने वाचायचं. तुमच्याकडे छोट्या वाचनालयांसारखं कादंबरी, कथा, चरित्र असंच लावलेलं असेल तरी चालेल, दाखल क्रमांकावर (पुस्तक वाचनालयात आलं की वहीत पडतो तो नंबर) खेळा. आणि दाखल नोंदवही मुलांना उघडून दाखवा. जुनी वही, शाईचं अक्षर, एक नंबरचं पुस्तक कुठलं होतं, कोणी देणगी दिलं होतं. मुलं त्या वहीवर अक्षरशः ओणवी होऊन बघतात.

पैशाचं म्हणाल तर तुमचं वाचनालय शासनमान्य असेल, म्हणजे 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड यातल्या एखाद्या वर्गात असेल, तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या बालविभागासाठी पण योजना असतात. अर्ज करायला वेळ लागतो, कागदपत्रं लागतात, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय एकदा मुलांना घेऊन बघून या. 1893 सालचं आहे. इतकी वर्षं लोकांनी वर्गणी भरून एक संस्था जिवंत ठेवली हे मुलांना सांगण्यासारखं आहे. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे तसं जवळ, येताना तलावपाळीला चक्कर होते.

उत्तर: बालवाडीच्या ताई, कळवा

मी बालवाडीत शिकवते, 3 ते 6 वयाची मुलं, तर त्या वयाबद्दल सांगते.

लहान मुलांना दोन तास नाही जमत. चाळीस मिनिटं ठेवा, फार तर पाऊण तास. सुरुवातीला एक बडबडगीत हातवाऱ्यांसकट, दर वेळी तेच, म्हणजे मुलांना कळतं की आता चालू झालं. मग एकच पुस्तक. दोन नको. मग थोडं काहीतरी हाताने, माती किंवा कागद, आणि मग मोकळं सोडायचं फडताळाकडे.

पुस्तक वाचताना पालकांना एक गोष्ट शिकवा, तीच खरी शिकवायची आहे. बहुतेक आईबाबा पुस्तक घेतात आणि धाडधाड वाचून संपवतात, किंवा प्रत्येक चित्रावर बोट ठेवून हे काय, हे काय, रंग कोणता अशी परीक्षा घेतात, आणि मग मूल उठून जातं. थांबायचं. चित्र बघू द्यायचं. आता काय होईल रे, असं विचारायचं आणि मूल जे बोलेल त्याला अजून एक शब्द जोडून परत म्हणायचं. मूल म्हणालं "भू भू पळाला" तर आपण म्हणायचं "हो, काळा भू भू घाबरून पळाला". एवढंच. 1988 साली अमेरिकेत यावर अभ्यास झाला होता, असं वाचणाऱ्या आईबाबांच्या मुलांची भाषा महिन्याभरात पुढे गेलेली दिसली. पण मला ते कागदावर वाचायच्या आधी माझ्या वर्गात दिसलेलं. एक मुलगी होती, जून ते दिवाळी एक शब्द बोलली नाही वर्गात. तिची आई घरकाम करायची, तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती पुस्तक न्यायला लाजायची. मी म्हटलं अक्षरं नका वाचू, चित्रं बघून तुमच्या मनाची गोष्ट सांगा. नाताळच्या सुट्टीनंतर ती मुलगी माझ्याकडे पुस्तक उलटं धरून आली आणि पूर्ण गोष्ट सांगितली, आईची गोष्ट, पुस्तकातली नाहीच.

म्हणून तुमच्या बोर्डावर कृपा करून असं लिहा की वाचता येत नसलं तरी या.

अजून एक. आपण सगळ्यांना वाचनालयात बोलावतो, पण जे येणार नाहीत त्यांच्याकडे आपण जायला हवं. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला (तेव्हा आपलाच ठाणे जिल्हा) हेच केलं, मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, अंगणवाडी शब्द तिथूनच आला. तुम्ही महिन्यातून एक रविवार पुस्तकांची पेटी घेऊन गार्डनमध्ये बसा, जिथे कामवाल्या मावशी, वॉचमनचं कुटुंब अशी सगळी संध्याकाळी येतात. वीस पुस्तकं आणि एक चादर.

उत्तर: अभ्यासिकेतला एक

मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

मी तुमच्या वाचनालयात नाही पण नवी मुंबईतच एका अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी करतोय, तिसरा अटेम्प्ट. आमच्या घरी वन आरके मध्ये पाच जण, त्यात छोटी भावंडं, टीव्ही, त्यामुळे सकाळी 7 ला डबा घेऊन निघतो ते रात्री 9 ला घरी. आमच्यासाठी ती खुर्ची म्हणजे सगळं आहे. गेल्या वर्षी आमच्या इथे पण असंच बालमेळावा ठेवला, आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही, सकाळी आलो तर माईक लावलेला, गाणी चालू, आणि पुढच्या रविवारी पूर्व परीक्षा होती. पोरं बिचारी चुकीची नव्हती. पण त्या दिवशी आम्ही सतरा जण जिन्यात बसून वाचत होतो.

तुमचं काम चांगलं आहे, मी लहान असताना असं काही मिळालं असतं तर फार बरं झालं असतं असं वाटतं मला. फक्त रविवार सकाळ नका ठेवू. बहुतेक स्पर्धा परीक्षा रविवारीच असतात आणि अभ्यासिका रविवारी सर्वात जास्त भरलेली असते. शनिवारी संध्याकाळ ठेवा. माईक लावू नका, एवढ्या हॉलला लागतच नाही. आणि तारखा महिनाभर आधी अभ्यासिकेच्या दारावर लावा म्हणजे ज्याला त्रास होतो तो त्या दिवशी दुसरीकडे जाईल. एवढं केलंत तर कोणी विरोध करणार नाही, उलट आमच्यातले दोघंतिघं मदतीला येतील, मोठ्या मुलांना नकाशा वाचायला शिकवणं, पेपर कसा वाचायचा हे आम्ही मजेत करू शकतो, रोज तेच करतो.

उत्तर: ऐरोलीची वाचक

अरे राग कसला, बरं झालं सांगितलंस. खरं सांगते, आम्ही मीटिंगमध्ये सगळ्यांचा विचार केला पण खालच्या अभ्यासिकेतल्या मुलांना कोणीच विचारलं नव्हतं, मी पण नाही. उद्याच जाऊन बोलते. शनिवार संध्याकाळ 5 नंतर चालेल असं वाटतंय.

उत्तर: घणसोली गावठाण

मी आगरी आहे, घणसोली गावातली, आता कोपरखैरण्याला राहते. आमच्याकडे मुलांसाठी जे काही होतं ते सगळं पुस्तकातून, आणि माझ्या आजीसारख्या बायकांना त्यात जागाच नसते. म्हणून मी जे केलं ते सांगते.

माझी आजी 78 वर्षांची, शाळेत गेलेली नाही. तिने तरुणपणी मिठागरात काम केलंय. माझा मुलगा चौथीत, त्याला प्रोजेक्ट होतं परिसराची माहिती, तो गूगलवर नवी मुंबई शोधत बसलेला, सिडको 1970 ला स्थापन झाली वगैरे. मी म्हटलं सिडकोच्या आधी इथे काय होतं ते पणजीला विचार. तर आजी म्हणाली, मना लिवाला येत नाय, तू लिव, मी सांगतंय. आणि तिने सांगितलं खाडीचं पाणी आगरात कसं घ्यायचे, उन्हात आटवायचे, फळीने मीठ ओढून ढीग कसे लावायचे, पायाला कशा चिरा पडायच्या आणि त्यात मीठ गेलं की काय व्हायचं. मुलाने नऊ पानं लिहिली. त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढू नका असं मी टीचरना सांगून आले, कारण अर्धे शब्द आजीचेच होते.

मग ती वही मी आमच्या वाचनालयात नेली, तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी ती बघितली आणि काहीही न बोलता शिक्का मारला, दाखल क्रमांक टाकला, आत तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि कपाटात ठेवली. आजीला आम्ही रिक्षाने घेऊन गेलो दाखवायला. तिने त्या वहीवरून हात फिरवला, शिक्क्यावरून, आणि विचारलं की ही आता कोणी पण घरी नेणार का. मॅडम म्हणाल्या हो, पंधरा दिवसांसाठी. आजी रडली. माझ्या मुलाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पुस्तक माणूसच लिहितो, आपल्या घरातला पण.

तुम्ही हे करा ताई. ऐरोली, दिवा, रबाळे सगळीकडे जुनी गावं आहेत. लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारणी आहेत, त्यांना बोलवा, नातीला लिहायला बसवा. आणि फक्त आगरी कोळीच नाही, तुमच्या सोसायटीत साताऱ्याच्या आजी असतील, त्यांना जात्यावरच्या ओव्या येत असतील, विदर्भातले आजोबा असतील. महिन्यातून एक शनिवार वहीचा. या आज्या जाण्याच्या आधी करा.

उत्तर: बाबा, कोपरखैरणे

वरचं वाचून गळा भरून आला.

मी आयटीत आहे, आठवड्यात मुलगा झोपेतच दिसतो, त्यामुळे जे काही करायचं ते शनिवार रविवार. वडील म्हणून एक सांगतो, बोर्डावर "माता पालकांसाठी" असं नका लिहू. आम्ही येत नाही कारण आम्हाला बोलावलेलं नसतं, सगळीकडे मॉम्स ग्रुप. आणि वडिलांना नुसतं बसवू नका, काहीतरी काम द्या, पुस्तकांची नोंद, फडताळ जोडणं, मग ते दर वेळी येतात.

ऐरोलीत राहून खाडी सोडू नका. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 ला झालं, 2022 ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आलं, आणि ते सगळं तुमच्या उशाला आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी असतात. ग्रंथपाल काकांनी 598 म्हटलंय ना, तर एक शनिवार 598 ची सगळी पुस्तकं जमिनीवर मांडायची, चित्रं काढायची, चोच वाकडी का असते ते वाचायचं (डोकं उलटं करून चिखलातलं पाणी गाळून खातात म्हणून), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलं आईबाबांबरोबर दुर्बीण घेऊन खाडीवर. भरतीची वेळ बघून जा नाहीतर पक्षी लांब जातात. आम्ही असं दोन घरांनी मिळून केलं, मुलगा परत आल्यावर स्वतः पुस्तक मागायला लागला, हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठीत पुष्कळ चित्रगोष्टी फुकट आहेत, छापून बाइंड करायलाही परवानगी आहे. बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक पण त्यांच्या साइटवर ठेवलेत, 1971 पासूनचे. माझ्या आईने त्यातला तिच्या लहानपणीचा एक अंक ओळखला, मुखपृष्ठावरून, आणि मग संध्याकाळभर नातवाला वाचून दाखवत होती. प्रोजेक्टर नसला तरी टॅबवर चालतं, पण लहान मुलांना कागदच द्या.

उत्तर: निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा

घणसोलीच्या ताईंच्या त्या ग्रंथपाल बाईंना माझा नमस्कार सांगा. हस्तलिखित म्हणून वेगळी नोंदवही करा, म्हणजे पुढे वाढेल तसं सांभाळता येईल. आणि मूळ वही शक्यतो आतच ठेवा, झेरॉक्सची प्रत घरी द्या, शाई पाण्याने जाते.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. वाचनालय दोघांचं आहे.

वर्गणीचं एक राहिलं. कुटुंब सभासदत्व ठेवा, एक अनामत, एक वर्गणी, आणि मुलाच्या नावाचं वेगळं कार्ड. मुलाचं नाव कार्डावर आलं पाहिजे, बाबांच्या कार्डावर मुलाचं पुस्तक असं नको. सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या नावाचं कार्ड देऊन बघा, तो ते उशीखाली घेऊन झोपतो.

उत्तर: ऐरोलीची वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रिंट काढून मीटिंगला नेलं होतं, तीनदा वाचून दाखवलं.

आज अभ्यासिकेत जाऊन बोलले. बावीस मुलंमुली होती. शनिवारी 5.30 ते 7 ला सगळे हो म्हणाले, माईक नाही, तारखा दारावर. दोघी मुली स्वतःहून म्हणाल्या की मोठ्या मुलांबरोबर पेपर वाचू. पहिले दोन शनिवार लहानांचे, आईबाबा किंवा आजी आजोबा सोबत असल्याशिवाय नाही, म्हणजे सोडून जायचं नाही हे बोर्डावर मोठ्या अक्षरात, आणि त्याच्या खाली "वाचता येत नसलं तरी या" हे पण. तिसरा पुस्तक दुरुस्तीचा, चौथा वहीचा. स्पर्धा नाही, सर्टिफिकेट नाही, यावर थोडा वाद झाला कारण काहींना वाटतं की सर्टिफिकेटशिवाय पालक येत नाहीत, पण मी म्हटलं तीन महिने बघू. पक्ष्यांचं डिसेंबरमध्ये. गार्डनमधली पेटी पावसाळा संपल्यावर.

ते बाबा, ज्यांची लेक दर शनिवारी येते, त्यांना फडताळ करायला सांगितलं, ते सुतारकाम करतात हे मला माहीतच नव्हतं. जुन्या शोकेसची फळी आणतो म्हणाले, माप घेऊन पण गेले, मुलीला उभं करून तिच्या गुडघ्यापासून.

आता एकच अडचण, हॉलची फरशी संध्याकाळी पण थंडगार असते आणि आमच्याकडे खुर्च्या शंभर आणि बसायला खाली काहीच नाही. ऐरोली, रबाळे, कळव्याकडे कोणाकडे जुन्या सतरंज्या पडून असतील तर सांगा, मी रिक्षाने येऊन घेऊन जाईन. चार तरी हव्यात.